बोट वाचत नाही

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या कांताताईचा नवरा, गोपाळराव मंडपवाले. मंडपवाले हे काही त्यांचं आडनाव नाही, पण खरं आडनाव आता कोणाले आठवत नाही. लग्न असो, बारसं असो, पुढाऱ्याचं भाषण असो, नागपूरपासून उमरेडपर्यंत कुठंही बांबू रोवायचा असला की लोक म्हणतात, गोपाळरावले सांगा. अन् माणूस असा संथ, असा संथ, की मी इतकी वर्षं त्यांच्यावर चिडून राहिलो आणि त्यांना अजून पत्ता नाही. नवरीकडचे बोंबलून राहिले, वरात कोपऱ्यावर आली, अन् भाऊजी आपले मंडपाच्या मधात उभे राहून वर पाहून राहिले. काय पाहता गा, म्हटलं की म्हणतात, "पोट आलं का पाहतो."

पोट म्हणजे कापडाचं. मंडपाचं कापड मधात झोळलं की त्यात पाणी साचते, साचलं की आणखी झोळते, अन् मंग एखाद्या वेळी सगळं पाणी व्याह्याच्या डोक्यावर. हे पोट भाऊजीले अजिबात खपत नाही. स्वतःचं चांगलं सुटलं आहे, ते मात्र चालते. मी त्यांच्या तोंडावर म्हटलं आहे हे, नुसते हसले.

एकच पोरगा त्यांना, अश्विन. लहानपणी बापाच्या मागं मागं दोऱ्या घेऊन फिरायचा. मोठा झाला अन् एक दिवस जेवताना सांगून मोकळा झाला, "मी आयुष्यभर बांबू नाही वाहत बसणार." भाऊजी काही बोलले नाहीत. अरे, ओरडा, ताट फेका, काहीतरी करा! नाही. हात धुतले अन् उठले. पोट्टा गेला काश्मीरले, तिथं तलावाच्या काठावर एका हॉटेलात कामाले लागला. तेव्हापासून फोन येते तो ताईले. ताई बोलते तवा भाऊजी बाजूच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून बसतात. काहून बंद केला विचारलं तं म्हणतात, बातम्या संपल्या.

तर मागच्या माघातली गोष्ट. मी गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात आहो. दुपारी गिऱ्हाइकाले पडद्याचं कापड दाखवून राहिलो होतो, इतक्यात ताई आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला. हातात फोन. म्हणे, "सुशील, पोट्ट्याचं बोट गेलं रे!"

मी तिले स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, अन् अश्विननं पाठवलेला आवाज ऐकला. निस्ता वारा. मधातून मधातून त्याचं बोलणं. "आई, लय बर्फ पडून राहिला... बोट वाचत नाही आता... रोज झाकून ठेवतो, तरी..." अन् मंग पुन्हा वारा. मी फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद.

बर्फात बोटं काळी पडतात, कापावी लागतात, हे मी कुठंतरी पाहिलं होतं. ते मी ताईले सांगितलं. काहून सांगितलं, देव जाणे. ती जे रडायले लागली, गिऱ्हाईक पडदे सोडून तिले वारा घालायले लागलं.

भाऊजी त्या दिवशी उमरेडले होते, चंपतरावांच्या पोरीच्या लग्नाचा मंडप टाकून राहिले होते. फोन केला. म्हटलं, "भाऊजी, अश्विनच्या बोटाले बर्फ लागला. डॉक्टर कापतीन बहुतेक."

मंग म्हणाले, "येतो." बस, एवढंच.

आता हे ऐका. या माणसानं आयुष्यात अर्धा मंडप कधी सोडला नाही. सख्खी आई दवाखान्यात होती, तरी शेवटची दोरी आवळूनच गेले होते. अन् त्या दिवशी थोड्या वेळानं मले चंपतरावांचा फोन, "अहो, तुमचे भाऊजी पळाले! अर्ध्या मंडपावर आभाळ दिसून राहिलं, उद्या हळद आहे!" मी म्हटलं, घरात अडचण आहे, येतीन. चंपतराव भला माणूस. म्हणाले, "मंग जाऊ द्या, आधी घर पाहू द्या."

आम्ही त्यांना थेट धंतोलीले बोलावलं. आमच्या शेठच्या ओळखीच्या एक डॉक्टर मॅडम आहेत तिथं, हाताच्याच. म्हटलं, पोट्ट्याले तिकडंच ठेवायचं की विमानानं इकडं आणायचं, विचारून तं घेऊ. भाऊजी आले ते छोटा हत्ती टेम्पो घेऊनच, मागं बांबू तसेच लादलेले, ताडपत्री तशीच. दवाखान्याच्या गेटात वॉचमन हात आडवा करून उभा. भाऊजीनं गाडी आत घातली अन् उतरले. हा माणूस कोणाच्या गाडीले कट मारत नाही, तो वॉचमनच्या अंगावर गाडी घालून आत आला, बोला!

बाकड्यावर आम्ही तिघं बसलो. भाऊजी आपल्या पंजांकडं पाहून राहिले. मंग हळूच म्हणाले, "मी त्या दिवशी त्याले थांब म्हटलं असतं तं थांबला असता गा. एक शब्द बोललो नाही. त्याचं बोट माझ्यापायी गेलं." ताईनं पदर तोंडाले लावला. मी निस्ता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एरवी मी बोलण्यात कोणाले ऐकत नाही.

आमचा नंबर लागला. मॅडम तरुण, चष्मेवाल्या, शांत. विचारलं, "कोणत्या हाताचं बोट?"

"माहीत नाही," भाऊजी म्हणाले.

"कोणतं? अंगठा, करंगळी?"

"माहीत नाही."

"काळं पडलंय का? फोड आलेत?"

"माहीत नाही जी."

मॅडमनं तो आवाज ऐकला. पुन्हा ऐकला. कपाळाले आठी. म्हणाल्या, "मुलगा तिथं काम काय करतो?"

मले राग आला. बोट जाऊन राहिलं अन् या नोकरी विचारून राहिल्या! मी म्हटलं, "अहो मॅडम, बोटीवर आहे ना तो! हॉटेलची बोट आहे, हिवाळ्यात तलावाबाहेर काढून ठेवतात, तिची देखभाल—"

अन् मी थांबलो. माझंच बोलणं माझ्या कानात शिरलं.

मॅडमनं पेन खाली ठेवला. "झाकून ठेवतो म्हणाला ना?"

"रोज," ताई म्हणाली.

"बोट?"

मंग ताई जी उसळली! "मेला! नाव म्हणता येत नव्हतं? आपण नाव म्हणतो, नाव! मोठा आला बोटवाला! माझा जीव घेतला मेल्यानं!" अन् रडतही होती, हसतही होती, टेबलावरचा मॅडमचा रुमाल उचलून तिनं डोळे पुसले.

भाऊजी म्हणाले, "नाव म्हणाला असता तं तू विचारलं असतं, कोणाचं नाव?"

मॅडम हसल्या ते तोंडावर फाइल धरून. आम्ही पाया पडायचे बाकी होतो. पण भाऊजी बाहेर आले तरी चेहरा सुटेना. म्हणे, "हा आपला अंदाज आहे. पोट्ट्यानं सांगतलं का? फोन लागू दे."

आवारात आलो अन् फोन वाजला. अश्विनच, व्हिडिओवर. ताई उचलणार, तर भाऊजीनं तिच्या हातातून फोन घेतला. किती दिवसांनी त्या पोट्ट्यानं बापाचं तोंड समोर पाहिलं असेल! तो "बाबा?" म्हणून फोनच्या जवळ आला.

"हात दाखव," भाऊजी म्हणाले.

"आं?"

"दोन्ही हात दाखव. मोजे काढ."

त्यानं मोजे काढले, हात समोर धरले. भाऊजीनं एकेक बोट मोजलं, मोठ्यानं, शाळेतल्या पोरासारखं. दहा झाली. मंग ते तिथंच, कुंडीच्या कठड्यावर, मटकन बसले. "बरं," म्हणाले. "बरं झालं बाप्पा." डोळे पुसले, अन् पुसताना लपवलेही नाहीत. मी मुद्दाम दुसरीकडं पाहिलं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मंग बोटीले काय झालं?"

अश्विन खाली पाहून म्हणाला, "पोट आलं, बाबा. कव्हरले. दिवसा बर्फ वितळते, मधात पाणी साचते, रात्री त्याची शिळाच होते. काठ दबून राहिले, अजून एकदा पडला तं बोट चिरते. मी आईले सांगून राहिलो होतो, बाबाले विचार म्हणून, तं लाइट गेली अन् फोनही बंद पडला."

बाबाले विचार! मी भाऊजीकडं पाहिलं. त्या माणसाच्या मानेत असा ताठपणा आला, पोट आत गेल्यासारखं वाटलं.

"खालून बांबूनं ढकललं का?" त्यांनी विचारलं.

"ढकललं ना. तुम्ही पावसात करता तसंच. कापड फाटलं."

"टोकाले काय बांधलं होतं?"

पोट्ट्यानं जीभ चावली.

"काहीच नाही! चिंधी नाही, गोणपाट नाही! गाढवा, गोठलेलं कापड आहे ते, उघडं टोक लावशीन तं फाटणारच!" भाऊजी ओरडले. मी पहिल्यांदा त्यांना ओरडताना ऐकलं, अन् अश्विन तिकडं चक्क हसून राहिला होता.

मंग काय विचारता. भाऊजीनं गाडीतून बांबू ओढले. आवारातला सिमेंटचा बाक म्हणजे बोट. दोन्ही टोकांना उभे बांबू, बुडाखाली फळी, म्हणजे बोटीच्या तळाले भोक नाही पडत. त्यांच्यावर आडवा लांब बांबू, घराच्या आढ्यासारखा. त्यावरून ताडपत्री. पण बाजू पसरट झाल्या तशी त्यांनी सगळी उतरवली.

"हे पावसाचं झालं," ते स्वतःशीच म्हणाले. "पाणी उतारानं वाहते. बर्फ बसून राहते." डोकं खाजवलं. पुन्हा उभारलं, आढं दुप्पट उंच, बाजू एकदम खड्या, मधात फासळ्या. "अशा खड्या कर की माशी बसली तरी घसरली पाहिजे. अन् प्रत्येक टोकाले गोणपाट. बांबू भेटते का तिकडं?"

"नाही, सफेद्याच्या झाडाचे बल्ले, लांब खांब, भेटतात."

"मंग सालं सोलून घे, नाहीतर कापड अडकते."

वॉचमन आधी ओरडत आला, "काका, हे काय लावलं?" शेवटी तोच ताडपत्रीचं एक टोक धरून उभा. पेशंटचे नातेवाईक जमले. एक आजोबा काठी टेकत आले अन् मले विचारलं, "जेवण किती वाजता आहे?"

तो तेवढा मंडप काढला अन् भाऊजी उमरेडले गेले. चंपतरावांचा मंडप हळदीच्या आधी उभा होता. चंपतरावांच्या घरची म्हातारी भाऊजीले चांगली झापून राहिली होती म्हणे, अन् हे आपले ऐकत, हसत, दोरी आवळत. म्हातारी शेवटी चिडूनच चहा घेऊन आली.

दोन-चार दिवसांनी मी संध्याकाळी ताईकडं गेलो. फोन वाजला. ताईनं नाव पाहिलं अन् काही न बोलता भाऊजीच्या हातात दिला. अश्विन एवढा खुशीत, की शब्दांवर शब्द. "बाबा, काल रात्री जोरात पडला! सकाळी पाहतो तं सगळा घसरून खाली! बोटीवर बर्फाचं नाव नाही! मालक विचारून राहिले, कोणी शिकवलं. मी म्हटलं, माझ्या बापानं."

मले वाटलं, आता तरी हा माणूस शाबास म्हणेल. भाऊजी म्हणाले, "बोट गेली चुलीत. तू हातात मोजे घालून आहे ना?"

"हाव, बाबा."

मंग दोघंही गप्प. अरे, बोला ना काही! मी इकडं चुळबुळ करून राहिलो. ना हा बोलते, ना तो फोन ठेवते. शेवटी भाऊजीनं घसा साफ केला.

"उद्या पडते का बर्फ?"

"नाही, बाबा. उद्या ऊन आहे म्हणतात."

"नसला तरी लाव फोन," भाऊजी म्हणाले.