खालच्या आळीतला राब

मुरबाडच्या बाजाराकडून उताराला लागणारी खालची आळी हा एक रस्ता आहे, हे कोणी सांगितल्यावाचून कळू नये अशी तिची अवस्था वर्षानुवर्षे होती. मधोमध उखडलेली खडी, दोन्ही कडांना तुंबलेली गटारे आणि पावसाळ्यात उंबरठ्यांना शिवत धावणारे पाणी. २००५च्या जुलैत ते पाणी घरांत शिरले, तेव्हा आळीकरांनी समिती नेमली आणि कल्याणहून नम्रता नावाच्या तरुण इंजिनीअर बाईंना बोलावले. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. दोन्ही कडांना कमरेइतके चर खणायचे, तळाशी दगड, त्यावर वाळू, वर माती भरायची आणि मातीत वाळ्याचे गवत व करंजाची रोपे लावायची. पाणी पळू नये, जिरावे, एवढाच हेतू.

रस्त्याकडेच्या त्या हिरव्या पट्ट्यांची राखण रखमीकडे आली. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतली ही पन्नाशीची विधवा मुरबाडात लेकीकडे, दिपिकाकडे, राहत असे. जन्मभर तिने इतरांच्या खाचरांत भाताची आवणी, म्हणजे लावणी, केली होती; स्वतःच्या नावावर चटई पसरण्याइतकीही भूमी नव्हती. म्हणूनच की काय, २००६च्या श्रावणात रोपे रुजली तेव्हापासून ती त्या पट्ट्यांना ‘माजं शेत’ म्हणू लागली. लोखंडी सामानाचे दुकान चालवणाऱ्या शेखरचा टेम्पो कडेला टेकला की ती हातातला विळा उंचावी.

“मागं घे रे! शेतात गाडी घालतोस?”

“शेत म्हनं! सातबारा दाव गो मावशे,” शेखर हसे.

पुढच्या वैशाखात त्याच्याच आग्रहावरून समितीने ठरवले की शुक्रवारी पाहणी करायची. रोपे जगलेली दिसली तर पट्टे राहतील. नाहीतर पावसाआधी काँक्रीट. हे कळताच नम्रता आधल्या आठवड्यात येऊन गेली.

“रखमीताई, आता जमीन तयार करून ठेवा. पाला पसरा, शेणखत घाला, वर मातीचा हलका थर द्या.”

“त्ये काय सांगाया लागतंय व्हय गो बाय? जलमभर त्येच केलं.”

दोघीही समाधानाने हसल्या.

नम्रतेच्या मनात होती ती पाल्याची सावली. तापलेल्या मातीचा ओलावा तिच्याखाली टिकावा. परंतु त्या डोंगरपट्ट्यात पाला, शेण आणि माती यांचे थर एकाच कार्यासाठी रचले जातात. भाताचे बी पेरण्यापूर्वी वाफा भाजायचा, त्याला राब म्हणतात. अग्नीचा उच्चार दोघींपैकी कोणीच केला नाही. एकीला तो अनावश्यक वाटला, दुसरीच्या कल्पनेतही नव्हता.

बुधवारी पहाटे रखमीने उताराच्या टोकाकडून, वाऱ्याच्या उलट दिशेने, आग लावली. राब सावकाश आणि खोल भाजावा म्हणून. वाळा जळाला तरी मुळातून फुटतो, हे तिने डोंगरावर कितीदा पाहिले होते. करंजांभोवतीचा पाला तिने हातभर मागे सारला होता, बुंधे भिजवले होते. ओली फांदी घेऊन ती ज्वाळेबरोबर पावलापावलाने चालत होती. तिच्या कामात कसूर नव्हती. मात्र दगडी कडांमध्ये कोंडलेल्या जागेत तिने कधी राब केला नव्हता. धग वर न जाता आडवी पसरली. करंजाची पाने आपली आपण मिटू लागली, तेव्हा तिने घागरीमागून घागर ओतली. चौदांपैकी अकरा रोपे उभ्या उभ्या करपली.

शुक्रवारी शेखर सर्वांत आधी आला. “वाळा लावलावता ना मावशे? वाळला की गो!”

नम्रता करपलेल्या करंजापाशी वाकली. मग हळूच म्हणाली, “तुम्ही पेटवलंत?”

“तुमीच सांगलंत ना, जमीन तयार करा म्हनून?”

नम्रतेचा चेहरा उतरला. समितीकडे वळून ती म्हणाली, “चूक माझ्या शब्दांची आहे. यांची नाही.”

“राब केला तिनं,” समितीचे म्हातारे अध्यक्ष काळूराम पुटपुटले. “माज्या आयनंबी आसाच केला आसता.”

रखमीने गुडघे टेकून वाळ्याचे एक काळे ठोंब उपटले आणि त्याचे पांढरे मूळ सर्वांपुढे धरले. “जित्तं हाय. पंधरा दिसांत फुटंल. येवडी कळ काडा.”

“पंधरा दिसांत पानी माज्या गोदामात आसंल,” शेखर म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. २००५ साली त्याचाही संसार भिजला होता.

काळूरामांनी मान खाली घातली. दुकानांकडच्या कडेला काँक्रीट पडले. शाळेच्या भिंतीकडची कड तेवढी राहिली, कारण ती कोणालाच नको होती. बाराव्या दिवशी तिथल्या राखेतून वाळ्याची हिरवी पाती वर आली. रखमीने ती पाहिली, पण कोणाला हाक मारली नाही.

पट्ट्यात तण माजले, तेव्हा तिने टेलिफोन बूथवर जाऊन नम्रतेला फोन लावला. जिच्या हातांना माती उपजत कळत होती, ती बाई तोंडाशी रिसीव्हर घट्ट धरून विचारत होती, “बाय, गवात उपटू का? उपटू म्हंजे हातानं उपटू. आनि उपटलेलं कुटं टाकू, त्येबी सांगा.”