ड्रायव्हरला दिलेला शब्द

त्या संध्याकाळी अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या घरात आम्ही नवरा-बायको मेथी निवडत बसलो होतो. टीव्हीवर युक्रेनचा एक पुढारी दिसला, फुलं घेऊन हसत होता. ही म्हणाली, "तुमचा पाहुणा बघा. पोट सुटलंय नुसतं." मी म्हटलं, तू देठं बघ. आमचं शेवटचं बोलणं ते. जेवणं झाल्यावर तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचलो तेव्हा संपलं होतं.

मीच धरलेल्या त्या पाहुण्याची केस डोक्यातून कधी गेलीच नाही. मी शिकलेला कमी. हिच्या नर्सच्या नोकरीमुळं अमेरिकेत आलो, रात्रशाळा केली, जर्सी सिटीच्या पोलिसांत लागलो, पुढं गुन्हे शाखेत आलो. हा माणूस तिकडं निवडून आलेला, मोठा व्यापारी. टोळीवाल्यांशी साटंलोटं असल्याचा आरोप होता आणि इथं खंडणीच्या तक्रारीत आम्हाला हवा होता.

खबर एका उंच बिल्डिंगच्या दरवानानं दिली. वरच्या मजल्यावर एक जण राहतो, खाली कधी उतरत नाही, म्हणाला. आम्ही त्याच्या ड्रायव्हरला गॅरेजमध्ये धरलं. लायसन खोटं निघालं. पोरगा तिशीचा, त्याच्याच देशातला, घरी बायको आणि तान्ही मुलगी. चौकशीत तोंड उघडेना.

मी कॉफी आणली आणि खोलीच्या दारातूनच कप पुढं केला. त्यानं हात मागं घेतला. आत या, मग द्या, म्हणाला. उंबऱ्यावरून देऊ-घेऊ नये, आमच्यात अशुभ असतं. मला हसू आलं. आमच्या हिचंही तेच. दारातून मीठसुद्धा घ्यायची नाही. त्याला तसं सांगितल्यावर तो जरा सैल झाला. म्हणाला, आमचे साहेब तर माझ्याहून कडक आहेत, औषधवाल्यालाही दारातून हात लावत नाहीत.

मग त्यानं एकच गोष्ट विचारली, "मी बोललो तर मला परत पाठवणार नाही ना?"

मी सरकारी वकिलाला विचारून आलो. पाठवणार नाही, असं ते म्हणाले, मीही त्याला तसा शब्द दिला. तो सगळं बोलला.

घरात शिरायचा कोर्टाचा हुकूम अजून मिळाला नव्हता, पण दाराबाहेर आला तर धरता येत होता. मी बिल्डिंगचा माणूस बनून गेलो, दारात उभा राहिलो आणि सहीचा कागद पुढं केला. साहेबानं कागद घेतला नाही. सवयीनं बाहेर पॅसेजमध्ये आला, नुसत्या मोज्यांवर, आणि मग हात पुढं केला. जिन्यातले आमचे दोघे पुढं झाले.

बेड्या पडल्यावर शांतपणे म्हणाला, "हे तुला कोणी शिकवलं?"

"बायकोनं."

मला शाबासकी मिळाली. त्याचे वकील तगडे, आरोप टिकले नाहीत, तो मायदेशी जाऊन परत निवडून आला. ड्रायव्हरची फाइल परदेशी लोकांना परत धाडणाऱ्या खात्यात गेली. तिथं माझा शब्द कोण विचारतो? मी खेटे घातले, पण त्याला परत धाडलंच. पुढं तिकडं लढाई लागली, मग त्याचा पत्ताच लागला नाही.

आरोपी सापडला की काम संपलं, असं आम्हाला शिकवलेलं. ज्यानं तोंड उघडलं त्याचं पुढं काय, हे बघणारं खातंच नाही. ही मात्र इथंच राहिलेल्या त्याच्या बायकोकडं जात राहिली, लेकीसाठी काहीबाही घेऊन. मी गाडीतच बसायचो. कुठल्या तोंडानं वर जाणार?

ही गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मुलगी अंत्यविधीसाठी फ्युनरल होमला फोन करत होती. म्हणाली, "बाबा, आत्ता ड्राइव्ह नका करू." मी तरी गाडी काढून ड्रायव्हरच्या बायकोकडं गेलो, या वेळी वर. त्या बाईला सांगितलं, माझी बायको गेली.  ती तोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुम्हाला निदान ती गेली तो दिवस तरी माहीत आहे."

मी बाहेर आलो. तिच्या पायऱ्यांवर बर्फ साचला होता. कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि खालपर्यंत सगळा ओढून काढला.