एक न जळलेली मोटर

माझ्या धाकट्या बहिणीला कारखान्यात सगळे 'जळकी' म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत जवळून. हे नाव तिला ज्या साहेबामुळे पडलं, त्याचं उट्टं तिने एकवीस वर्षांनी काढलं, आणि तेही शाळेतल्या पोरांच्या गाड्यांच्या शर्यतीत. मी तिथे होतो. तिची बसायची घडीची खुर्ची माझ्याच काखेत होती.

आधी तिचा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं नवल वाटणार नाही. शाळेत असताना एका दुकानदाराने तिला फीत चार बोटं कमी मोजून दिली. तिने घरी येऊन टेपने मापली आणि त्या दिवसापासून त्याच्या दुकानासमोरून जाणं बंद केलं. शाळेला जायला ती मागच्या गल्लीने वळसा घालायची. दुकानदार म्हातारा झाला, दुकान विकलं, तिथे चष्म्याचं दुकान आलं, तरी हिचा वळसा चालूच. मी म्हटलं, "अगं, तो माणूस गेला आता." तर म्हणाली, "भिंत तीच आहे ना?"

तर अशी बाई. पण हात सोन्याचे. आमच्या भागात बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मालगाड्यांच्या मोटरी बनवणारा कारखाना होता. गोदामातून खोकी ओढत फिरतात ना, त्या गाड्यांच्या. तिथे ही वाइंडिंगला होती. तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे, त्यावर सुती फीत गुंडाळायची, मग ते वार्निशात बुडवून भट्टीत भाजायचं. डावखुरी असल्याने तिची फीत उलट्या दिशेने चढायची, आणि शेवटचं टोक ती गाठ न मारता मागच्या पदरात खुपसायची. एकदा मी हौसेने एक कॉइल करायला बसलो. साठ वेढे झाल्यावर मला शिंक आली आणि पुढचा आकडा काय ते आठवेना. तिने माझ्या हातातली तार काढून घेतली आणि म्हणाली, "दादा, तू आपला गोष्टी सांग."

ती एकोणपन्नास वर्षांची असताना चाळीस मोटरी गिऱ्हाइकाकडून जळून परत आल्या. माल वेळेत जावा म्हणून विभागाच्या साहेबाने भट्टीतून अर्ध्या वेळात काढायला लावलेल्या. ओल्या वार्निशाच्या मोटरी किती टिकणार? पण चौकशी लागली तेव्हा साहेबाने सगळं खापर हिच्या डोक्यावर फोडलं. "बाईचा हात बिघडलाय," असं सगळ्यांसमोर म्हणाला. तिला वाइंडिंगवरून उचललं आणि पॅकिंगला बसवलं. नऊ वर्षं तिने खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. निवृत्त झाली, त्या दिवशी साहेबाने तिला हार घालायला हात पुढे केले, तर हिने मान मागे घेतली. हार खाली पडला. तो तिने उचलला नाही, मला पण उचलू दिला नाही.

मग बारा वर्षं काही नाही. मला वाटलं, विझलं.

तिची नात हायस्कुलात गेली. आम्ही तिला खिळा म्हणतो, कारण अंगाने बारीक आणि एकदा रुतली की निघत नाही. त्यांच्या शाळेतल्या सहा पोरींनी मिळून विजेची गाडी बनवायला घेतली. स्पर्धा साधी. सगळ्यांना सारखीच बॅटरी, वेळ एक तास, जिचे फेरे जास्त ती गाडी पहिली. बहिणीने पोरींना वाइंडिंग शिकवलं, पण तारेला स्वतः बोट लावलं नाही. चुकलं की म्हणायची, "सोडव." पोरींनी पहिली कॉइल अकरा वेळा सोडवली. खिळा रडकुंडीला आली तरी ही आपली समोर बसून, "सोडव."

एके दिवशी खिळा सांगत आली, नदीपलीकडच्या मोठ्या शाळेच्या मुलांना कुठल्याशा कारखान्याचे जुने साहेब शिकवतात, त्यांचाच नातू गाडी चालवणार आहे. बहिणीने नाव विचारलं. खिळ्याने सांगितलं.  बहीण उठली आणि कपाटातली बरी साडी काढून इस्त्रीला टाकली.

"शर्यत अजून वीस दिवसांवर आहे गं," मी म्हटलं.

"असू दे. घडी बसेल."

शर्यतीच्या सकाळी एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्या गाड्या तपासणीला लावल्या होत्या. प्रत्येक गाडीची झाकणं उघडी, समोर एक टेबल, टेबलावर फॉर्म. कुठला भाग कुणी बनवला ते त्यात लिहायचं. मोटर दुसऱ्याने बनवलेली चालेल, पण मग ती कुणाची आणि का निवडली हे लिहायचं, आणि दोन फेरे वजा. खोटं लिहिलं तर गाडी बाद.

साहेब पांढरे बूट घालून उभा होता. केस गेलेले, ताठा तसाच. बहीण त्याच्या गाडीजवळून जाता जाता थांबली. मोटर बाहेरून नवी कोरी निळी रंगवलेली, पण झाकण काढलेलं असल्याने आतली जुनी तपकिरी फीत दिसत होती. बहीण वाकली. चष्मा पुसला. पुन्हा वाकली. आणि 'दादा' म्हणून तिने माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ राहिला.

"माझी आहे."

"काय तुझी?"

"मोटर. फीत बघ, उलटी चढलीय. टोक बघ, खुपसलेलं. कारखान्याची आतली गाडी ओढायची ही. मी पॅकिंगला होते तेव्हा माझ्याच टेबलावरची खोकी न्यायला यायची."

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, "चल, परीक्षकबाईंना सांगू. बाद करून टाकतील लगेच!"

"बाद होतील ती पोरं. त्याला काय, घरी जाऊन चहा पिईल," बहीण म्हणाली. "मला तो बाद नकोय, दादा. मला त्याच्याकडून लिहून हवंय."

साहेबाच्या टेबलाशी परीक्षकबाई होत्या. तरुण, हसतमुख, बॅटरीतल्या जाणकार. फॉर्ममध्ये मोटरीपुढे लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांनी स्वतः बनवली'. बहीण शेजारी जाऊन उभी राहिली.

"साहेब, ओळखलंत का?"

त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाही बुवा."

"जळकी."

त्याच्या भुवया जरा हलल्या. "अरे वा! तुम्ही इकडे कुठे?"

"नातीची गाडी आहे. तुमच्या मुलांनी फीत काय सुरेख गुंडाळलीय हो! आमच्या पोरींना नाही जमलं. बाई," असं म्हणून ती परीक्षकबाईंकडे वळली आणि पिशवीतून फितीचं रीळ काढून टेबलावर ठेवलं, "यांच्यातल्या एकाला चार वेढे घालून दाखवायला सांगता का? आमच्या पोरी शिकतील."

"छान कल्पना आहे," बाई म्हणाल्या. बिचाऱ्यांना काय माहीत!

"आता कुठे हे? वेळ नाही," साहेब म्हणाला.

"एका मिनिटाचं काम, साहेब. तुम्हीच म्हणायचात ना आम्हाला, एका मिनिटाचं काम?"

मुलं एकमेकांची तोंडं बघायला लागली. एकाने रीळ उचललं, दोन वेढे घातले, ते सुटून खाली गेलं. शेवटी साहेबाचा नातू पुढे आला. सोळा वर्षांचा, हेल्मेट काखेत, कान लाल झालेले.

"आम्ही नाही केलं ते," तो म्हणाला. "आजोबा, सांगून टाका ना. मोटर आजोबांच्या माळ्यावर होती, बाई. कारखान्यातली सगळ्यात चांगली मोटर म्हणून त्यांनी घरी आणून ठेवली होती."

शेडमध्ये इतके लोक, पण मला तेवढंच ऐकू आलं. सगळ्यात चांगली. साहेबाचं तोंड असं झालं, जसं काही कुणी भरल्या सभेत त्याचे पांढरे बूट काढून घेतले.

परीक्षकबाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, तपासणी संपायला दहा मिनिटं आहेत, तोवर फॉर्म दुरुस्त करता येईल. नाहीतर गाडी बाद. नातू आजोबांकडे बघत होता. साहेबाने पेन काढलं. 'मोटर कुणी बनवली' यापुढे माझ्या बहिणीचं नाव लिहिलं, तेही चुकीच्या आडनावाने. तिने बोट ठेवलं. त्याने खोडून पुन्हा लिहिलं. 'का निवडली' यापुढे लिहिलं, 'चांगली आहे'.

"एवढं चालतं का हो, बाई?" बहिणीने विचारलं.

"जरा सविस्तर लिहा," बाई म्हणाल्या.

साहेबाने दात ओठ खात लिहिलं, 'बावीस वर्षांच्या रोजच्या वापरात एकदाही जळली नाही.'

मी म्हटलं, झालं, फिटले पांग. पण खरी गंमत पुढेच होती.

शर्यत सुरू झाली. आमच्या पोरींची गाडी संथ, एका चालीने. साहेबाच्या नातवाला दोन फेरे भरून काढायचे होते, म्हणून तो सुरुवातीपासून सुसाट. अर्धा तास झाला, आणि साहेब कडेच्या कठड्याला चिकटून ओरडायला लागला, "दाब! आणखी दाब!"

बहीण खुर्चीतून उठली.

"दादा, तो मोटर जाळतोय."

"जिंकायचंय त्याला."

"किंवा जाळायचीय. जळली तर म्हणेल, बघा, लिहिलं खरं, पण हात बिघडलेलाच होता. कागद खोटा पडेल."

साहेबाच्या मनात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. नातू हरावा असं कोणत्या आजोबाला वाटेल? पण ओरडताना तो गाडीकडे नाही, आमच्याकडे बघत होता, एवढं मी पाहिलं.

झालं. त्या क्षणापासून माझी बहीण शत्रूच्या गाडीची झाली. निळ्या मोटरीची गाडी समोरून गेली की ही नाक वर करून वास घ्यायची, आणि वार्निशाचा वास नाही आला की टाळ्या वाजवायची. "शाब्बास! चल गं माझी बाई, चल!" मोटरीला म्हणत होती ती. पंचावन्नाव्या मिनिटाला गरम वास आलाच. तिचा चेहरा पांढराफटक पडला. माझा हात पुन्हा तिच्या तावडीत. "टिक," ती पुटपुटत होती, "पाच मिनिटं टिक, मग हवं तर राख हो." तेवढ्यात आमची गाडी समोरून गेली. खिळा चालवत होती. तिने हेल्मेटच्या काचेतून पाहिलं, आपली आजी कुणाच्या गाडीसाठी उड्या मारतेय ते.

भोंगा झाला. मोटर टिकली. साहेबाची गाडी एक्केचाळीस फेरे, वजा दोन, एकोणचाळीस. आमची अडतीस. आमचा नंबर दुसरा.

बक्षीस देताना पहिल्या गाडीचा फॉर्म माईकवरून वाचायची तिथे पद्धत. परीक्षकबाईंनी सगळं वाचलं. माझ्या बहिणीचं नाव, बावीस वर्षं, एकदाही जळली नाही. जुन्या कारखान्यातले पाचसहा जण गर्दीत होते, त्यांनी माना वळवल्या. नातू ढाल घेऊन उभा, आणि शेजारी साहेब. टाळ्या संपेपर्यंत त्याला तिथून हलता येईना.

खाली उतरल्यावर तो हिच्यासमोर आला. "झालं समाधान?"

"अर्धं," बहीण म्हणाली. "भट्टीतून कुणी लवकर काढायला लावल्या, ते राहिलं. फॉर्मची मागची बाजू कोरी आहे."

तो पाठ फिरवून गेला. नातू मात्र थांबला. त्याने विचारलं, "भट्टीचं काय?" आणि हिने त्याला सगळं सांगितलं. शांतपणे, एकेक तारीख देऊन. मी म्हटलं, पोराला कशाला? तर म्हणाली, "साहेबाच्या घरी रोज जेवायला तोच बसतो ना समोर. मी थोडीच बसते?"

अशी बाई. मला तिची भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

परतीच्या टेम्पोत खिळा आम्हाला सोडून पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. घर आल्यावर उतरताना एवढंच म्हणाली, "आजी, तू त्यांच्या गाडीला टाळ्या वाजवल्यास. एका फेरीने हरलो आम्ही."

"माझ्या मोटरीला वाजवल्या गं."

"कळलं."

या गोष्टीला आता आठ महिने झाले. खिळा यंदाची मोटर मैत्रिणीच्या घरी गुंडाळते, दार लावून. आजीला आत येऊ देत नाही. परवा बहीण त्या घरापर्यंत चालत गेली, खिडकीखाली थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. मी विचारलं, काय ऐकू आलं?

"सोडव म्हणाली कुणाला तरी," बहीण म्हणाली, आणि दिवसभर गालात हसत होती.