खाऊन दाखव

त्या जपानी टीव्हीवाल्यांचा विषय निघाला की माझं डोकं आजही फिरतं. आम्ही अमेरिकेत, बॉथेलला राहतो. मी नागपूरची, नवरा जपानी, आणि आमची एक सोळा वर्षांची लेक. अशा मुलांना जपानात ‘हाफू’ म्हणतात, म्हणजे अर्धी. परदेशात वाढणारी ही मुलं स्वतःला जपानी समजतात का, यावर त्या लोकांना कार्यक्रम करायचा होता. मला तो प्रश्नच आगाऊ वाटला. पण लेक एका पायावर तयार झाली. पुढचं वर्ष जपानला आजीकडे राहून तिथल्या शाळेत जायचं तिने ठरवलं होतं, फॉर्मही भरला होता. आपण आजीच्या गावात टीव्हीवर दिसणार, याचा तिला कोण आनंद!

एक बाई आली, सोबत कॅमेरावाला. लेक तासभर अस्खलित जपानी बोलली, आजीबद्दल, त्या शाळेबद्दल. बाई दर पाच मिनिटांनी गोड हसून ‘किती छान जपानी बोलतेस’ म्हणायची. अगं बये, स्वतःच्या बापाची भाषा बोलतेय ती, त्यात कौतुक कसलं?

मग जेवायला बसलो. मी वरण-भात केला होता. लेकीने चमचा उचलला. आपल्याकडे पाहुणे आले की पोरांना उभं करून श्लोक म्हणायला लावतात ना, त्याच सवयीने मी म्हणाले, “ठेव गं तो चमचा. हाताने खातेस ना तू? खाऊन दाखव त्यांना.” तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भातात हात घातला. कॅमेरावाला जवळ सरकला. तीनदा घेतलं त्यांनी ते.

कार्यक्रम लागला. तासाभराच्या बोलण्यातलं एक वाक्य त्यात नव्हतं. होती फक्त वरणाने माखलेली बोटं, आणि खाली मोठ्या अक्षरांत ओळ. नवऱ्याने अर्थ सांगितला: ‘हिला जपानी म्हणायचं का?’ स्टुडिओतले शहाणे तोंडावर हात ठेवून हसत होते. मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. “टीव्ही असाच असतो,” नवरा म्हणाला, तर त्यालाही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी लेकीने फॉर्म कॅन्सल केला.

गणपतीच्या आधी मराठी मंडळातल्या एक काकू दुपारी घरी आल्या. लेक टेबलापाशी जेवत होती. “अगं, टीव्हीवर झळकली की तुमची जपानी बाहुली! बेटा, या वर्षी स्टेजवर किमोनो घालून अथर्वशीर्ष म्हणून दाखव हं. सुपरहिट होईल!”

“ती काय माकड आहे का, काकू?” मी फाडकन बोलले. “ती कुणाला काहीही दाखवणार नाही.”

काकूंचं तोंड एवढंसं झालं. चहा अर्धा टाकून गेल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. एकदाची मी पोरीच्या बाजूने उभी राहिले होते. आता तरी हसेल म्हणून मी तिच्याकडे वळले.

ती चमच्याने वरण-भात खात होती.

“आय हॅड द स्पून, आई,” ती म्हणाली. “तू ठेवायला लावलास.”