ष्ली घुलुधेश धथ्थ

मला एका जागी बसवत नाही. तीस वर्षं गणित शिकवलं तेही वर्गात फेऱ्या मारत. आता निवृत्त झालोय तर बायको म्हणते, फरशी झिजली. असा मी त्या दिवशी सकाळपासून पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होतो आणि आतल्या आत तडफडत होतो.

आत कोठडीत माझा मित्र होता. कुरुंदवाडात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. नदीकाठच्या शेतांवरच्या पाण्याच्या मोटरी जळाल्या की त्यात नवी तांब्याची तार भरून द्यायची, हा त्याचा धंदा. त्या महिन्यात काठावरच्या मोटरी एकेक करून चोरीला जात होत्या. पहिली आमचीच गेली. तांबं म्हटल्यावर पोलिसांना त्याचंच दुकान दिसलं आणि त्यांनी त्याला उचललं. दोन दिवस झाल्यावर त्याची बायको आमच्या दारात आली.

"मास्तर, तुमची मोटर त्येनीच तीनदा भरून दिली की. त्येच चोरतील व्हय?"

ती रडत नव्हती, भांडत होती. मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटली. चपला घातल्या आणि तडक ठाण्यात आलो.

साहेब नवे होते, विशीतिशीतले. "बसा गुरुजी," एवढंच म्हणत होते. मी पाणी प्यायला उठलो, परत बसलो, भिंतीवरच्या नोटिसा वाचायला उठलो, परत बसलो. चौथ्या फेरीत त्यांच्या टेबलावरचा कागद दिसला. चोरीच्या तांब्यासकट एक टेम्पोवाला सापडला होता, त्याच्या मोबाइलवर आलेले तीन निरोप छापून काढले होते. पाठवणाऱ्याचं सिमकार्ड बोगस निघालं होतं.

"त्यात काय न्हाय गुरुजी," हवालदार म्हणाला. "फॉन्ट बिघडलाय."

फॉन्टला काही धाड भरली नव्हती. प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर एकच ओळ होती: ॥ ष्ली घुलुधेश धथ्थ ॥

मला हसूच फुटलं. नृसिंहवाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. इथला माणूस किराणा मालाची यादी करायला बसला तरी वर आधी 'श्री गुरुदेव दत्त' लिहितो. चोरीचा निरोप लिहितानाही या पठ्ठ्याला हात आवरला नव्हता. प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच्या पुढचं अक्षर घातलेलं, काना-मात्रा मात्र जागच्या जागी. चौथीतलं पोर उलगडेल असलं कोडं. देवाचं नाव घातलं नसतं तर मला निदान तासभर तरी लागला असता.

"साहेब, पेन द्या."

मी उभ्या उभ्या एकेक अक्षर मागं सरकवत मोठ्यानं वाचत सुटलो. पहिल्या निरोपात कुणाच्या शेतावरची मोटर उचलायची ते होतं. दुसऱ्यात होतं, 'तांबं सीमेपलीकडं न्यायचं. गावातल्या वाइंडिंगवाल्याला कळता कामा नये, तो बोंब मारेल.' साहेबांनी मान वर केली. मित्र सुटला होता! मला इतका आनंद झाला की हवालदाराच्या पाठीवर थाप मारली. मग तिसरा घेतला. तो सगळ्यांत जुना होता.

'गुरुवारी मास्तर वाडीला जातो. मोटरखोलीचं कुलूप लागत नाही, नुसतं अडकवलंय.'

"हे कुलूप कुणाकुणाला माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

कुलूप आमची मोटर गेली त्याच्या आदल्याच दिवशी, बुधवारी बिघडलं होतं. नवं आण, असं मी एकालाच सांगितलं होतं.

"मला," मी म्हणालो. "आणि माझ्या धाकट्या भावाला."

दुपारी मित्राला सोडलं. त्यानं माझा हात बराच वेळ धरून ठेवला. भावाला त्याच दिवशी घरून नेलं. आमचीच मोटर त्यानं चोरांच्या हाती का द्यावी, त्याला काय कमी होतं, मला आजही कळलेलं नाही.

पंधरा दिवसांनी मी त्याला भेटायला कोल्हापूरच्या तुरुंगात गेलो. तो खाली बघत होता.

"दादा, तू गेलतास कशाला तितं?"

"त्याला सोडवायला."

"मग त्यो दुसऱ्या निरोपालाच सुटला हुता की. तिसरा त्येंनी वाचला असता. तू कशाला वाचलास?"

मी म्हणालो, खरं ते खरं, कायद्यापुढं भाऊ बघायचा नसतो. त्यानं ते ऐकून घेतलं. पण मी खोटं बोललो होतो. कायदा माझ्या मनातही नव्हता. वाचता वाचता 'मास्तर' हा शब्द सुटला तेव्हाच हे घरातल्याच कुणाचं तरी काम आहे, अशी शंका आली होती. तिथंच पेन खाली ठेवता आलं असतं. पण कोडं भराभर सुटत होतं, ठाण्यातले सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मला मजा येत होती.