छातीतली कुजबुज

हां, तर काल तुम्ही उठून गेलात आणि गोष्ट नेमकी मोबाइलमधून माणूस बोलला तिथेच अडकली. थोडं मागून घेतो, म्हणजे काल जे नव्हते त्यांनाही समजेल.

आमची नात डॉक्टरकी शिकते. लहानपणी पाठांतर करताना गुणगुणायची, म्हणून घरात तिचं नाव भुंगी. आता रोज सकाळी तिला वॉर्डात जावं लागतं. मोठे सर पुढे, पोरापोरींचा घोळका मागे, या खाटेवरून त्या खाटेवर. छाती तपासायला मिळते ती उभ्या उभ्या, घाईघाईत. म्हणून या पोरांनी युक्ती काढली. छाती तपासायच्या नळीला एक डबी जोडायची, तिने आवाज मोबाइलमध्ये उतरवायचा, मग घरी बसून ऐका हवा तेवढा. सरांना हे बिलकुल खपत नाही. खाटेजवळ मोबाइल दिसला की टर्म गेलीच समजा, म्हणजे परीक्षेलाच बसू देणार नाहीत.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक रंगारी होता. न्यूमोनियाने डावं फुप्फुस भरलेलं, घसा पार बसलेला, आल्यापासून तोंडातून शब्द नाही. सगळा वॉर्ड त्याला मुके काका म्हणायचा. भुंगीने विचारलं, "काका, आवाज उतरवून घेऊ?" त्यांनी मान हलवली. तिने नळी कानात न घालताच त्यांच्या छातीच्या डाव्या अंगाला लावली आणि नजर ठेवली खिशातून अर्ध्या काढलेल्या मोबाइलवर, पडद्यावर रेघ उमटते की नाही ते बघत.

दुपारची जेवणं झाल्यावर तिने तो आवाज घरात लावला. वाळक्या पाचोळ्यावरून कुणी चालतंय, मधेच थांबतंय, पुन्हा चालतंय, असं काहीतरी. आमच्या हिने उगाचच दाराला कडी घातली.

"बंद कर बाई ते," मी म्हणालो, "आजी घाबरली तर संध्याकाळी माझ्याशी भांडणार कोण?"

तेवढ्यात त्या पाचोळ्याच्या आतून, कानाला ओठ लावून सांगावं इतकं स्पष्ट आलं: "डाव्या कुशीला नको... बुडतो मी."

आमच्या हिने खिडकीच्या पडद्यामागे डोकावून बघितलं. भुंगीने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. आवाज म्हणावा तर आवाज नव्हता तो, नुसता श्वास, पण शब्द फुटलेला श्वास. भर उन्हाच्या खोलीत माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

"तुझ्या यंत्रात कोण शिरलंय गं?"

"कुणी नाही, आबा." पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "फुप्फुस भरून घट्ट झालं की कुजबुजसुद्धा छातीतून अशी स्वच्छ ऐकू येते. पुस्तकात वाचलंय मी. मुके काका बोलत होते, आबा. मी समोर उभी होते आणि ते बोलत होते."

"मग आता?"

"पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची कूस बदलतात. दुपारच्या जेवणानंतर डावीकडे. पण त्यांचं डावं फुप्फुसच निकामी झालंय. ते खाली गेलं की रक्तही तिकडेच जातं, आणि श्वास पुरत नाही."

ती वेळ तर होऊन गेलेली. तिने फोन हातात घेतला. बोलली तर टर्म जाणार, गप्प बसली तर माणूस. मग लावला तिने वॉर्डात.

"मुके काका?" सिस्टर हसल्या. "अगं, ते कुठे बोलतात?"

"बोललेत, सिस्टर. मी ऐकलंय."

"कुठे ऐकलंस?"

"मोबाइलवर. मी रेकॉर्ड केलं होतं. आधी त्यांना वळवा, मग हवं तेवढं रागवा."

फोनमधून चपलांची धावपळ ऐकू आली, खाट करकरली, आणि सिस्टरचा आवाज चढला, "उजवीकडे घ्या! उजवीकडे!" आम्ही तिघं त्या फोनकडे बघत बसलो होतो, जणू त्यात कुणी झोपलंय.

"ओठ निळे पडले होते गं," सिस्टर परत आल्या. "आता सावरलेत. सरांना तू सांगतेस की मी सांगू?"

"मीच सांगते."

दुसऱ्या दिवशी डबा द्यायचं निमित्त काढून मी वॉर्डाच्या दारात जाऊन उभा राहिलो. सगळा घोळका त्या कोपऱ्यातल्या खाटेभोवती. मुके काका उजव्या कुशीवर, डोळे सताड उघडे, भुंगीवर खिळलेले. ओठ हलत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं. माझी नजर तिथून हलेना.

सर म्हणाले, "म्हणजे मोबाइल होता म्हणून हा माणूस वाचला, असंच तुला म्हणायचंय ना? तेवढ्यावर टर्म वाचेल असं वाटतं?"

भुंगीने मोबाइल काढून त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "नाही सर. मोबाइलकडे बघत होते, म्हणूनच यांचे ओठ मला दिसले नाहीत. टर्म कापा, पण आधी नळी लावून तुम्ही स्वतः ऐका, ते अजून बोलताहेत."