झाकण लावून काढलेला फोटो

सांगलीच्या आमच्या कॉलेजात पदव्या पुष्कळांकडे होत्या, पण आकाश कळणारा माणूस एकच होता, आणि तो प्रयोगशाळेत मदतनीस होता. नाथाजी, वडूजकडचा. मेंढरांमागे वाढलेला, त्यामुळे चांदण्यांची ओळख पुस्तकांच्या आधीची. मी त्याच विभागात पदार्थविज्ञान शिकवत होतो.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत अनुदानातून सीसीडी कॅमेरा आला, दुर्बिणीला लावून खास आकाशाचे फोटो काढायचा. त्याचं माहितीपुस्तक वेगळ्या पाकिटातून आलं होतं. नाथाजीने शब्दकोश जवळ घेऊन ते महिनाभरात वाचून काढलं. त्या वर्षी संध्याकाळी पश्चिमेला मोठा धूमकेतू दिसत होता. नाथाजी त्याला शेंडेनक्षत्र म्हणायचा. त्याचा एक चांगला फोटो, एवढंच त्याला हवं होतं. एप्रिल संपला की ते जाणार आणि परत यायला अडीच हजार वर्षं लागणार.

प्राचार्य म्हणाले, उद्घाटन झाल्याशिवाय खोक्याला हात लावायचा नाही. पाहुणे ठरले होते, त्यांची तारीख ठरत नव्हती.

तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षांचे जावई धवलराव अमेरिकेहून साधा डिजिटल कॅमेरा घेऊन आले. प्राचार्यांनी तोच नाथाजीपुढे ठेवला, दोन्ही डिजिटलच की, म्हणाले. नाथाजीने गच्चीवरून फोटो काढला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंगीत रवा सांडल्यासारखे ठिपके, त्यात धूमकेतू कुठला ते बोट ठेवून सांगावं लागत होतं. त्याने शांतपणे समजावलं, की हा कॅमेरा लग्नाबारशाचा. डोळा मिचकावावा तेवढाच उघडतो, आणि तापला की नसलेले ठिपके दाखवतो. आपला तो आतून गार राहतो, दहा-दहा मिनिटं टक लावून बघतो. शिवाय झाकण लावून एक काळा फोटो काढायचा. यंत्राचे स्वतःचे ठिपके त्यात उतरतात, ते खऱ्या फोटोतून वजा करायचे. झाकण लावून फोटो काढायच्या गोष्टीवर प्राचार्य आठवडाभर हसत होते. मीही हसलो.

एप्रिलमध्ये त्याने माझ्याकडे एकदाच शब्द टाकला.

"सर, एक सांज द्या फकस्त. खोकं हुतं तसं बांधून ठेवतो."

खोकं ठेवलेल्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती आणि माझ्या बढतीची फाईल प्राचार्यांच्या टेबलावर. मी म्हणालो, बघू. त्यानंतर तो रोज संध्याकाळी रिकाम्या हातांनी गच्चीवर उभा राहायचा. धूमकेतू रोज थोडा खाली जात होता. मे महिन्यात दिसेनासा झाला.

उद्घाटन जूनअखेर झालं, आभाळ गच्च भरलेलं असताना. हार, नारळ, कॅमेऱ्याला कुंकवाचं बोट. धवलरावांच्या कॅमेऱ्यात सगळ्यांचे चेहरे मात्र झकास आले. पाहुणे म्हणाले, काहीतरी काढून दाखवा. नाथाजीने कुंकू पुसलं, यंत्र गार होऊ दिलं आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबला. पडदा काळा झाला, त्यावर चारदोन करडे ठिपके उमटले.

हे काय आहे, पाहुण्यांनी विचारलं.

"एप्रिलातलं शेंडेनक्षत्र हाय, सायेब," नाथाजी म्हणाला. "झाकण लावून काढलंय."

पाहुण्यांनी कौतुकाने मान डोलावली. या वेळी प्राचार्य हसले नाहीत, पण टाळ्या त्यांनीच सुरू केल्या. नाथाजी माझ्याकडे बघत होता. बढतीचा कागद मला त्याच आठवड्यात मिळाला होता. मीही टाळ्या वाजवल्या.